बागेतील फरशी आणि खाणीतील उचल : बागकाम कंपन्यांच्या पुरवठा साखळीतील आधुनिक गुलामगिरी व तिचा प्रतिबंध

प्रस्तावना :

ब्रिटनमध्ये घरामागील छोटीशी बाग ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जीवनाचा अविभाज्य भाग मानली जाते. वसंत ऋतू सुरू झाला की रोपे, बियाणे, कुंड्या, खतमाती, हातमोजे आणि बसण्याच्या जागेसाठी दगडी फरशी यांची खरेदी सुरू होते. या मागणीवर तेथील उद्यान-साहित्याची विक्रीकेंद्रे, रोपवाटिका आणि बागांची आखणी व देखभाल करणाऱ्या कंपन्या उभ्या आहेत. यांपैकी मोठ्या कंपन्या दरवर्षी एक निवेदन प्रसिद्ध करतात. आपल्या व्यवसायात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी व मानवी व्यापार होऊ नये म्हणून आपण काय केले, हे त्यात सांगितलेले असते. बाग आणि गुलामगिरी हे दोन शब्द एकत्र आलेले पाहून वाचकाला प्रथमदर्शनी नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या बागेतील फरशी पुष्कळदा राजस्थानातून गेलेली असते, खतमातीतील काथ्याचा भुसा दक्षिण भारतातून किंवा श्रीलंकेतून आणि रबरी हातमोजे मलेशियातून आलेले असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हे नवल उरत नाही.

प्रस्तुत लेखात एकच प्रश्न हाती घेतला आहे. या निवेदनांमागे जी तपासणी-पद्धती असते, तिला वेठबिगारी दिसते काय? आणि दिसत नसेल, तर ती दिसावी म्हणून त्या पद्धतीत काय बदलले पाहिजे? विवेचनासाठी मुख्यतः राजस्थानातील वालुकाश्माचे उदाहरण घेतले आहे.

निवेदनाचे कायदेशीर स्वरूप :

ब्रिटनच्या संसदेने २०१५ साली आधुनिक गुलामगिरी कायदा संमत केला. त्याच्या कलम ५४ नुसार, ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या आणि ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या प्रत्येक व्यापारी संस्थेने दर आर्थिक वर्षासाठी असे निवेदन काढणे बंधनकारक आहे. संचालक मंडळाची त्यास मान्यता व संचालकाची स्वाक्षरी लागते. कंपनीची रचना, धोरणे, दक्षतेची प्रक्रिया, धोक्याची ठिकाणे, उपायांची परिणामकारकता आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे सहा विषय त्यात असावेत, असे कायदा सुचवितो. सक्ती मात्र करीत नाही. इतकेच नव्हे, तर 'आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत' एवढे एक वाक्य लिहिणारी कंपनीदेखील या कलमाचे पालन करते! निवेदन न काढणाऱ्या कंपनीविरुद्ध सरकार उच्च न्यायालयाकडून आदेश मिळवू शकते. पण थेट दंडाची तरतूद कलमात नाही. २०१९ मध्ये फ्रँक फील्ड, मारिया मिलर आणि बॅरोनेस बटलर-स्लॉस यांनी केलेल्या स्वतंत्र आढाव्यात सुमारे ४० टक्के पात्र कंपन्या या तरतुदीचे पालन करीत नसल्याचा अंदाज नोंदविला गेला. युरोपीय संघाने २०२४ साली याहून कडक मार्ग स्वीकारला असून सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या मालाला बाजारपेठेत मनाई करणारा त्याचा नियम डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे.

म्हणजे ब्रिटिश कायदा कंपनीला गुलामगिरी थांबविण्यास सांगत नाही; त्याविषयी लिहिण्यास सांगतो. लिहिण्यालाही महत्त्व आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु लिहिणारा काय पाहतो यावर ते अवलंबून राहते.

दोन व्याख्यांमधील अंतर :

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, वॉक फ्री व आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी लोक आधुनिक गुलामगिरीत होते. त्यांपैकी सुमारे २ कोटी ८० लाख सक्तीच्या श्रमात आणि उरलेले सक्तीच्या विवाहात. सक्तीच्या श्रमाची व्याख्या १९३० च्या २९ व्या श्रम करारात आढळते. शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेले आणि व्यक्तीने स्वेच्छेने न स्वीकारलेले काम म्हणजे सक्तीचा श्रम होय. ब्रिटिश कायद्याचा गाभा हाच आहे.

भारतीय कायदा याच्या पुढे गेलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडेही फारशी लक्षात घेतली जात नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बिगारीस मनाई केली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करणारा मनुष्य सक्तीचा श्रम करीत असतो. भूक आणि दारिद्र्य ही सक्तीच होय, चाबूक दिसलाच पाहिजे असे नाही, असा त्याचा आशय. तेव्हा लंडनमध्ये बसून जो प्रकार 'वेतनविषयक त्रुटी' या सदरात नोंदविला जातो, तोच भारतीय संविधानाच्या दृष्टीने बिगार असू शकतो. एकाच खाणीविषयी कंपनीचे निवेदन आणि भारताचा कायदा असे दोन वेगळे निर्णय देऊ शकतात, आणि दोन्ही आपापल्या व्याख्येनुसार बरोबर असतात.

राजस्थानातील वालुकाश्म :

राजस्थानच्या कोटा, बुंदी, भीलवाडा, जोधपूर, करौली व धौलपूर या भागांत वालुकाश्माच्या खाणी आहेत. हा दगड थरांनी सुटतो, त्यामुळे छिन्नी-हातोड्याने त्याची फरशी काढता येते. ब्रिटनच्या दुकानांत तो 'राज ग्रीन', 'कांडला ग्रे' अशा आकर्षक नावांनी विकला जातो. बुंदी जिल्ह्यातील बुधपुरा परिसरात खाणींच्या टाकाऊ दगडांचे मोठे ढिगारे आहेत. त्यातून रस्त्यासाठी व बागेतील पायवाटेसाठी लागणारे चौकोनी ठोकळे घडविले जातात. हे काम बहुधा स्त्रिया व मुले उघड्यावर बसून, नगावर मिळणाऱ्या मजुरीने करीत आल्या आहेत. मुलांच्या या श्रमाविषयी २००० नंतरच्या दशकात युरोपात बरीच चर्चा झाली. पुढे 'मंजरी' या स्थानिक संस्थेने तेथे बालमजुरीमुक्त क्षेत्राचे काम उभे केले.

मूल दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. खाणीतील उचल दिसत नाही.

तिची रीत थोडक्यात अशी असते. लग्न, आजारपण, घराचे छप्पर किंवा पावसाळ्यातील बेकारी यांसाठी मजूर खाणमालकाकडून अथवा ठेकेदाराकडून रक्कम घेतो. पावसाळ्यात खाणीत पाणी भरते आणि काम थांबते. नेमका तोच काळ घरात धान्य नसण्याचा असतो. पुढे काम सुरू झाले की मजुरीतून कपात होते. हिशेबाची वही मालकाकडे असते, आणि मजूर बहुधा निरक्षर असतो. नगावर किंवा मापावर ठरलेली मजुरी इतकी तोकडी असते की वर्षाच्या शेवटी काही ना काही बाकी उरतेच. बाकी फिटल्याशिवाय दुसऱ्या खाणीत जाता येत नाही. जावयाचे असल्यास नव्या मालकाने जुन्या मालकाची बाकी चुकती करावयाची असते, म्हणजे वस्तुतः मजुराची खरेदीच होते. कुंपण नाही, कुलूप नाही, पहारेकरी नाही. मजूर सकाळी स्वतःच्या पायांनी कामावर येतो.

मराठी वाचकास हे चित्र अपरिचित नाही. ऊसतोडीत 'कोयत्या'ला, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीला, मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळणारी उचल, कामावर न गेलेल्या दिवसाचा 'खाडा' आणि हंगामाअखेर अंगावर राहणारी बाकी ही याच पद्धतीची आपल्याकडील रूपे होत. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात, त्याचा संबंध या उचलीशीच असतो.

खाणीच्या बाबतीत कर्जाला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे सिलिकोसिस. वालुकाश्मात सिलिकाचे प्रमाण मोठे असते. कोरड्या ड्रिलिंगने आणि घडाईने उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचते व काही वर्षांनी माणूस श्वासासाठी तडफडू लागतो. हा रोग बरा होत नाही. पुष्कळदा तो क्षयरोग समजून औषधोपचार चालतात, त्यासाठी पुन्हा उचल घेतली जाते, आणि कर्ता पुरुष गेल्यावर ती बाकी पत्नीच्या किंवा मुलाच्या श्रमातून वसूल होते. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिस धोरण जाहीर करून प्रमाणित रुग्णास ३ लाख रुपये व मृत्यूनंतर वारसांस २ लाख रुपये देण्याची तरतूद केली. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु ज्या खाणीत हा रोग जडला, तिच्या हजेरीपटावर रुग्णाचे नावच नसते, त्यामुळे दायित्व खाणमालकाकडे न जाता शासनाकडे येते.

या भूमीला बिगारीविरोधी लढ्याचा मोठा वारसा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. भीलवाडा जिल्ह्यातील बिजोलिया हे आज दगडखाणींचे गाव आहे. १८९७ पासून जवळजवळ चार दशके याच बिजोलियाच्या शेतकऱ्यांनी जहागीरदाराच्या लाग-बाग व बेगार यांविरुद्ध आंदोलन चालविले होते. ऋणापोटी राबविण्याच्या पद्धतीला राजस्थानात 'सागडी' म्हणत. तिचे निर्मूलन करणारा कायदा त्या राज्याने १९६१ मध्ये, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या १५ वर्षे आधी केला.

तपासणीला काय दिसते :

फरशीचा प्रवास खाणीतून व्यापाऱ्याच्या यार्डात, तेथून कटाईच्या कारखान्यात, निर्यातदाराकडे, गुजरातमधील बंदरात आणि अखेर ब्रिटनमधील आयातदाराकडे होतो. बागकाम कंपनीचा करार असतो आयातदाराशी, फार तर निर्यातदाराशी. तपासनीस येतो तो निर्यातदाराच्या आवारात. तेथे अग्निशामक यंत्रे भिंतीवर असतात, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था असते, हजेरीपट नीटनेटका असतो. यार्डात मात्र अनेक खाणींचा दगड एकत्र झालेला असतो आणि तपासणीची वाट तेथेच संपते. ज्या तपासण्या खाणीपर्यंत पोचतात, त्यांचीही मुख्य पद्धत मजुराची मुलाखत हीच होय. 'तुला येथून जाण्याची मोकळीक आहे काय?' या प्रश्नाला, मालकाचा माणूस दहा पावलांवर उभा असताना, मजूर होय असेच उत्तर देतो. त्यात तो पूर्णतः खोटे बोलतो असेही नाही. घेतलेले पैसे फेडणे हे त्याला कर्तव्य वाटते, कित्येकदा मालकाचे उपकारही वाटतात. त्याची स्वतःची भाषा 'गुलामी'ची नसून 'हिशेबा'ची असते.

अशा रीतीने निवेदनात वाक्य उतरते : पुरवठा साखळीत आधुनिक गुलामगिरीचे एकही प्रकरण आढळले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, राजस्थानातील दगड विकणाऱ्या कंपनीच्या निवेदनात हे वाक्य आले तर ते समाधानाचे नव्हे, शंकेचे कारण मानावयास हवे.

पुराव्याचा भार :

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग भारतीय न्यायालयाने एका दगडखाणीच्याच प्रकरणात दाखविला होता. हरियाणातील फरिदाबाद भागातील खाणमजुरांविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाने पाठविलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. मजुरांकडून सक्तीने काम घेतले जात असले, तरी उचल सिद्ध झाल्याशिवाय ते १९७६ च्या कायद्याच्या अर्थाने वेठबिगार ठरत नाहीत, अशा स्वरूपाची भूमिका राज्य शासनाने घेतली होती. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी डिसेंबर १९८३ च्या निकालात ती फेटाळली. सक्तीचा श्रम दाखविला गेला की त्यामागे उचल किंवा अन्य आर्थिक मोबदला आहे असे गृहीत धरले जाईल, आणि तसे नाही हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर राहील, असे तत्त्व त्यांनी मांडले. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ च्या कलम १५ मध्येही हीच दिशा आहे. एखादे कर्ज बंधक कर्ज असल्याचा दावा मजुराने किंवा दक्षता समितीने केला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो.

या तरतुदीमागील विचार सरळ आहे. ज्याच्याजवळ वही आहे, त्याने ती उघडून दाखवावी. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याकडे पुरावा मागू नये. कंपन्यांची तपासणी-पद्धती नेमकी याच्या उलट चालते. ती पुरवठादारास निर्दोष धरते आणि दोष सांगण्याचे काम सर्वांत दुर्बळ माणसावर सोपविते. म्हणून बागकाम कंपनीने प्रतिबंधाची जी काही व्यवस्था करावयाची, तिचा पाया हा भार उलटविण्यात असला पाहिजे. किमान वेतनाचा पुरावा नाही आणि उचल चालते, एवढे दिसले की वेठबिगारी आहे असे धरून चालावे, आणि नाही हे पुरवठादाराने कागदोपत्री दाखवावे.

हे व्यवहारात अशक्य नाही. राजस्थानात खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकला खाण विभागाचा 'रवन्ना' लागतो. हा परवाना संगणकीय झालेला असून माल कोणत्या पट्ट्यातून निघाला हे त्यावरून कळते. प्रत्येक कंटेनरसोबत संबंधित रवन्न्यांच्या प्रती मागितल्या, तर यार्डात तुटणारी वाट पुढे खाणीपर्यंत नेता येईल. टाकाऊ ढिगाऱ्यातील दगडाला हे साधन पुरेसे पडत नाही. म्हणून ठोकळ्यांच्या बाबतीत घडाई घराघरांतून न करता नोंदणीकृत आवारातच व्हावी, असा आग्रह धरणे इष्ट. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने कौटुंबिक व्यवसायात शाळेबाहेरच्या वेळेत मुलांच्या मदतीस मुभा ठेवली आहे, आणि घरच्या अंगणात चाललेली घडाई त्या मुभेच्या आडोशाला सहज जाऊ शकते.

दुसरा कागद म्हणजे उचलीची नोंदवही. उचल देण्यास बंदी घालावी असे काही कंपन्यांच्या आचारसंहिता सुचवितात. ते व्यवहार्य नाही, आणि मजुराच्या हिताचेही नाही. बँक ज्याला दारात उभे करीत नाही, त्याने मुलाच्या आजारपणात कोणाकडे जावे? उचल बिनव्याजी असावी, तिचा हिशेब मजुराजवळही लेखी असावा, कपातीला मर्यादा असावी आणि बाकी असतानाही काम सोडण्याची मोकळीक असावी, या चार अटी पुरेशा आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनेही एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक नसावी असे बंधन घातले आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे किंमत. हिच्याविषयी निवेदनांत क्वचितच लिहिलेले असते. ब्रिटनमधील मागणी वसंतात एकदम चढते, आणि सवलतीच्या जाहिरातीसाठी दर पाडून मागितले जातात. तो दाब आयातदाराकडून निर्यातदाराकडे, त्याच्याकडून यार्डाकडे आणि अखेर छिन्नी धरणाऱ्या हाताकडे सरकतो. खरेदी विभागाने दर ठरविताना किमान वेतन, ओल्या ड्रिलिंगची यंत्रे आणि पावसाळ्यातील बेकारी यांचा खर्च त्यात धरला आहे काय, हा प्रश्न तपासनिसाने खाणीत नव्हे, कंपनीच्या मुख्यालयात विचारावयास हवा. एकटी कंपनी येथे फार काही करू शकत नाही, हेही खरे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह' या कंपन्या, कामगार संघटना व स्वयंसेवी संस्थांच्या मंचाने राजस्थानच्या वालुकाश्मासंबंधी एकत्रित प्रयत्न केले, ते याच जाणिवेतून.

इतर साहित्य आणि मायदेशातील मजूर :

कर्जाचे हेच सूत्र बागेच्या इतर साहित्यातही आढळते. मलेशियातील रबरी हातमोज्यांच्या कारखान्यांत नेपाळ व बांगलादेशातील मजूर दलालाला मोठी रक्कम देऊन, तीही कर्जाने, पोचत असत. २०२० मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने तेथील एका अग्रगण्य उत्पादकाचा माल अडविल्यानंतर त्या कंपनीने मजुरांना भरतीशुल्क परत करण्यास आरंभ केला. येथे उपाय तपासणीने नव्हे, पैसे परत केल्याने झाला हे ध्यानात घ्यावे. संकरित बियाण्यांच्या बाबतीत आपल्याकडे जालना आणि बुलडाणा या जिल्ह्यांत शेडनेटमध्ये भाजीपाला बियाण्यांचे उत्पादन चालते. फुलातील पुंकेसर हाताने काढणे व दुसऱ्या दिवशी परागीकरण करणे हे काम नाजूक आणि वेळेला बांधलेले असते. आंध्र प्रदेशातील संकरित कापूस-बियाण्यांच्या शेतांत पालकांना उचल देऊन मुलींना राबविल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदविली आहेत. तेथेही बियाणे कंपनीने शेतकऱ्यास दिलेला खरेदीदर हेच त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले.

स्वतः ब्रिटनमध्येही हा प्रश्न नाही असे नाही. २००४ साली मोरेकॅम्ब उपसागरात शिंपले वेचणारे २० हून अधिक चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मरण पावले, त्यानंतर शेती व फळबाग क्षेत्रातील मजूर-ठेकेदारांना परवाना सक्तीचा झाला. तरीही २०१९ पासून सुरू झालेल्या हंगामी मजूर व्हिसावर गेलेले इंडोनेशिया व नेपाळमधील काही मजूर दलालांच्या कर्जाखाली असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. रोपवाटिकेतील मजुराला, 'येथे येण्यासाठी तू कोणाला किती पैसे दिलेस?' हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते.

आढळल्यानंतर काय :

शोध लागल्यावर बहुतेक कंपन्यांची पहिली प्रतिक्रिया पुरवठादार बदलण्याची असते. 'शून्य सहनशीलता' या शब्दप्रयोगाचा व्यवहारातील अर्थ तोच होतो. त्यामुळे कंपनीचे निवेदन स्वच्छ राहते, मजूर मात्र कामाविना त्याच बाकीसह दुसऱ्या खाणीत जातो, आणि पुढच्या वेळी पुरवठादार वही अधिक काळजीने लपवितो. १९७६ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार बंधक कर्ज नष्ट होते. मजुराने ते फेडावयाचे नसतेच. जिल्हाधिकारी मुक्तीचे प्रमाणपत्र देतात, जिल्हा व उपविभाग स्तरावरील दक्षता समित्यांनी त्यात साहाय्य करावयाचे असते, आणि २०१६ च्या केंद्रीय योजनेत परिस्थितीनुसार १, २ किंवा ३ लाख रुपयांच्या पुनर्वसनाची तरतूद आहे. अर्ज, चौकशी, प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष रक्कम यांच्या दरम्यान महिने जातात, कधी वर्षे. या मधल्या काळात घरात चूल पेटविण्यासाठी मजूर ज्याच्याकडे जाऊ शकतो, असा माणूस बहुधा एकच असतो : तोच खाणमालक. बागकाम कंपनीने त्या महिन्यांची मजुरी व औषधोपचाराचा खर्च आपल्या खरेदीखर्चात धरावा, त्या खाणीशी व्यवहार चालू ठेवून नव्या अटींवर काम सुरू करून द्यावे आणि किती मजुरांची बाकी कायद्याने रद्द झाली तो आकडा पुढील वर्षाच्या निवेदनात छापावा.